थांबवण्याची सोय संदेशातच हवी

मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



आपल्या बँकेने 6 जुलै 2017 रोजी काढलेल्या परिपत्रकातल्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ग्राहकाच्या नकळत त्याच्या खात्यातून ऑनलाइन पैसे गेले तर नुकसान कोणी सोसायचे, हे ठरवून देणारे ते परिपत्रक. त्यात बँकांना बजावले आहे की व्यवहाराची सूचना देणाऱ्या एसएमएसला आणि ईमेलला ग्राहकाला तिथल्या तिथे 'रिप्लाय' करून हरकत घेता आली पाहिजे. हरकत नोंदवायला त्याला कुठले संकेतस्थळ किंवा ईमेलचा पत्ता शोधत बसावे लागू नये. त्याच वर्षी 14 डिसेंबरला सहकारी बँकांसाठीही याच विषयावरचे परिपत्रक निघाले.

हे वाक्य ज्याने लिहिले त्या अधिकाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. लुबाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात त्या क्षणी फक्त फोन असतो आणि फोनवर बँकेचा तो संदेश असतो, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने थांबवण्याची वाट त्या संदेशातूनच काढायला सांगितली. पण माझ्या पाहण्यातले बँकांचे संदेश येतात ते इंग्रजी अक्षरांच्या नावावरून. त्यांच्याखाली उत्तर लिहायला जागाच नसते. या पाठवणाऱ्याला उत्तर देता येणार नाही, असे फोनच सांगतो. वाक्य कागदावर राहिले आणि माणूस टोल फ्री नंबर शोधत राहिला.

मी वाशिम जिल्ह्यात राहतो. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा हा जिल्हा. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर इथले वर्ष चालते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आमचे नाव आहे. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान पोहरादेवीला आले होते, तेव्हा पीएम किसानचा अठरावा हप्ता वाशिममधूनच देशभर सुटला. सुमारे 9.4 कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांवर साधारण 20,000 कोटी रुपये गेले. पैसे पोचवण्याची आपली यंत्रणा किती पुढे गेली आहे, हे आम्ही आमच्या जिल्ह्यातूनच पाहिले आहे. आमच्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरच्या बाईच्या खात्यात दिल्लीतून निघालेला पैसा मधल्या कुणाच्या हाताला न लागता येतो, ही लहान गोष्ट नाही. आता तोच पैसा जाताना तिला तितक्याच सहज अडवता यावा, एवढेच मागणे आहे.

बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास झाला की चुकारा आता बऱ्याचदा खात्यातच येतो. त्या दिवसांत फोन घेऊन लोक अशा माणसाकडे जातात ज्याला इंग्रजी वाचता येते. माझ्याकडेही येतात. "भाऊ, हा मेसेज पाय बरं, पैसे आले म्हणते का गेले म्हणते?"

साहेब, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संदेशाचे पहिले काम हा प्रश्न सोडवणे, आणि तेच त्याच्याने होत नाही. असा संदेश एकदा त्या माणसाच्या डोळ्यांनी वाचून पाहा. सुरुवातीला 'डिअर कस्टमर'. मग एक्स-एक्स लावून खात्याचे शेवटचे आकडे. मग 'डेबिटेड', जे न वाचता येणाऱ्याला 'क्रेडिटेड'सारखेच दिसते. मग रक्कम, स्वल्पविराम न देता आणि पुढे दोन शून्ये लावून, त्यामुळे 4999.00 हे कुणाला पाच हजार वाटतात तर कुणाला पाच लाख. मग तारीख, कुणाच्या नावावर गेले ते अर्धवट नाव, बारा आकडी संदर्भ क्रमांक, आणि हे सगळे संपल्यावर शेवटी 'इफ नॉट यू' म्हणून एक नंबर. स्मार्टफोनच्या पडद्यावर सूचना चमकते तेव्हा पहिली ओळ दिसते, शेवटची नाही. साध्या बटणाच्या फोनवर तर तिथपर्यंत खाली जावे लागते. ज्या शब्दांनी माणूस वाचला असता ते शब्द अशा जागी ठेवले आहेत जिथे नजर पोचत नाही.

संदेश असा का होऊ नये? "तुमच्या खात्यातून 49,999 रुपये गेले. तुम्ही पाठवले नसतील तर 1 लिहून उत्तर द्या. खाते लगेच थांबेल."

यावर खर्चाचे उत्तर येईल, ते मला माहीत आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात आणि देवनागरीत 70, त्यामुळे मराठी संदेश महाग पडतो. पण वरची तीन वाक्ये दोन एसएमएसमध्ये बसतात, आणि बँकेचे नाव व खात्याचे शेवटचे चार आकडे लिहायला जागाही उरते. सगळे संदेश मराठीत करा असेही मी म्हणत नाही. पैसे बाहेर जाण्याचा संदेश तेवढा करा. पासबुक, पैसे भरण्याची स्लिप, खाते उघडण्याचा फॉर्म हे सगळे इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तीन भाषांत असावे, असा आपल्याच बँकेचा नियम आहे. पासबुक आता वर्षातून एखाद्या वेळी उघडले जाते. बँक माणसाशी रोज बोलते ती एसएमएसमधून, आणि तिथे ती एकाच भाषेत बोलते.

भाषेचा हा प्रश्न केवळ सोयीचा असता तर मी गव्हर्नरांना पत्र लिहिले नसते. तो जबाबदारीचा आहे. 2017 च्या त्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा फसवणुकीत, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले तर त्याला काहीच सोसावे लागत नाही. चार ते सात दिवस लागले तर जनधनसारख्या मूलभूत खात्यावर 5,000 रुपयांपर्यंत आणि साध्या बचत खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत भार त्याच्यावर येतो. त्यापुढे बँकेचे जे धोरण असेल ते. घड्याळ सुरू होते ते सूचना मिळाल्यापासून. मग जी सूचना वाचताच येत नाही ती मिळाली असे कसे धरायचे? बाई मेसेज घेऊन आठवड्याच्या बाजाराला तालुक्याला येते, कुणाकडून तरी वाचून घेते, तोवर तिचे पहिले तीन दिवस उलटलेले असतात. आणि ज्याने भुलून स्वतःच ओटीपी सांगितला त्याच्यासाठी तर बँकेला कळवण्याचा क्षण हाच सगळा हिशेब आहे. कळवण्याआधीचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. त्याला दिवसांचीही सवलत नाही, मिनिटांचाच प्रश्न आहे.

मिनिटे कुठे जातात तेही सांगतो. 1930 हा क्रमांक आज गावोगाव माहीत झाला आहे आणि ती व्यवस्था चांगली आहे. तक्रार वेळेत गेली तर पैसा ज्या खात्यात पोचला तिथे गोठवता येतो. पण चोराकडून तो पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार खात्यांत फुटत जातो. इकडे आपला माणूस 1930 ला फोन लावतो. बँक कोणती, खाते क्रमांक काय, रक्कम किती, संदर्भ क्रमांक काय, असे त्याला विचारले जाते. विचारणे भागच आहे. संदर्भ क्रमांक त्या संदेशात आहे आणि संदेश कानाला लावलेल्या फोनमध्ये आहे. फोन कानापासून काढून, चष्मा लावून, बोलणे न तोडता बारा आकडे वाचायचे. शेजारचे पोर असले तर होते. घरात एकटा म्हातारा असला तर फोन कट होतो. त्याच संदेशाला '1' असे उत्तर गेले असते, तर कोणते खाते आणि कोणता व्यवहार हे बँकेला विचारावेच लागले नसते.

दुसरी मिनिटे नंबर शोधण्यात जातात. प्रत्येक बँकेचा टोल फ्री नंबर वेगळा. घाबरलेला माणूस तो गूगलवर शोधतो आणि कस्टमर केअर म्हणून चोराने टाकून ठेवलेला नंबर त्याला सापडतो. एकदा लुबाडला गेलेला पुन्हा लुबाडला जातो, तो असा. ब्रिटनमध्ये 2021 च्या सप्टेंबरमध्ये 159 हा एकच क्रमांक सुरू केला. तो फिरवला की माणूस त्यात सामील झालेल्या आपापल्या बँकेला जोडला जातो. आपल्याकडे तसे करणे अवघड नाही.

अक्षरांच्या नावावरून आलेल्या संदेशाला उत्तर देता येत नाही, ही तांत्रिक अडचण खरी आहे. पण आकडी क्रमांकावरून संदेश पाठवला तर उत्तर स्वीकारता येते. पैसे बाहेर जाण्याच्या सूचनेसाठी देशभर, सगळ्या बँकांना मिळून एकच छोटा क्रमांक ठरवून द्या. त्या सूचनेत दुसरा कोणताही फोन नंबर नको आणि कोणतीही लिंक नको. मग चोराने खोटी सूचना पाठवून खाली आपला नंबर दिला की तो नंबर दिसताच संदेश खोटा ठरेल. आज तसे म्हणता येत नाही, कारण बँकेच्या खऱ्या संदेशातही नंबर असतो आणि खोट्यातही.

या सगळ्या आखणीचा पाया मला एकाच गोष्टीत दिसतो. संदेशातून पैसे फक्त थांबवता यावेत. पाठवता, सोडवता किंवा खात्यात काही बदलता कधीही येऊ नये. मग कुणी खोटा संदेश पाठवून माणसाला घाबरवले आणि त्याने '1' पाठवून दिला, तरी वाईटात वाईट काय होईल? त्याचे ऑनलाइन व्यवहार काही तास बंद राहतील. चोराच्या हाती एक रुपया लागणार नाही. अर्थात थांबवण्याबरोबर पुन्हा सुरू करण्याची वाटही आधीच बांधून ठेवायला हवी. शाखेत जाऊन, किंवा गावातल्या बँक मित्राकडे अंगठा देऊन, खाते त्याच दिवशी सुरू झाले पाहिजे. 13 जानेवारी 2018 रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याची चुकीची सूचना लोकांच्या फोनवर गेली आणि ती मागे घेणारा संदेश जायला 38 मिनिटे लागली, कारण मागे घेण्याची तयारीच कुणी करून ठेवली नव्हती. थांबवलेले खाते सुटायला आठ दिवस लागतात असे एकदा गावात पसरले की पुन्हा कुणी '1' दाबणार नाही.

असे करून दाखवलेला देश आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसएमएस गेले. ते बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच रांगेत जाऊन बसले आणि 790 ग्राहकांचे 1.37 कोटी सिंगापूर डॉलर गेले. ती संदेश वाचता येणारी माणसे होती. पुढच्याच महिन्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना ग्राहकांच्या संदेशांतून लिंक काढून टाकायला लावल्या आणि नव्या फोनवर खात्याची डिजिटल चावी चालू व्हायला किमान बारा तासांचा थांबा घातला. त्यानंतर ग्राहकाला स्वतःचे खाते एका झटक्यात बंद करता येईल अशी सोय द्यायला लावली. ग्राहकांना सावध राहा म्हणून ती मध्यवर्ती बँक थांबली नाही, तिने बँकांकडून संदेशाची रचनाच बदलून घेतली.

सावध करण्याचे काम आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. आपली 'आरबीआय कहता है' ही मोहीम आहे, 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान डिजिटल अरेस्टवर बोलले, आणि कित्येक महिने प्रत्येक फोन लागण्याआधी अमिताभ बच्चन यांचा आवाज ऐकू येत होता. हे सगळे हवेच. पण ती जागृती निवांत वेळेची आहे, आणि चोर माणसाला निवांत वेळ देत नाही. त्या घटकेला जे कामाला येईल ते हातातल्या संदेशातच असावे लागते.

आता संदेशांच्या गर्दीबद्दल. दर वर्षी मेच्या शेवटी जनधन खात्यांतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये कापले जातात. त्याचा संदेश येतो. रिचार्ज संपल्याचा येतो, कर्ज मंजूर झाल्याचा येतो, हप्ता जमा झाल्याचा येतो, ओटीपी येतो. सगळ्यांचा आवाज एकच आणि सगळ्यांची मांडणी एकच. वीस रुपये गेल्याचा आणि सोयाबीनचा अख्खा चुकारा गेल्याचा संदेश शेजारी शेजारी पडतात आणि सारखेच दिसतात. पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता पी, एस, टी, जी अशी अक्षरे लागतात: जाहिरात, सेवा, व्यवहार, सरकार. दूरसंचार नियामकाने हे चांगले केले, पण ती अक्षरे ओळखून संदेश वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

गर्दीत खरी सूचना हरवते, हे अडाण्यांपुरते नाही. 2013 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या टार्गेट या दुकान-साखळीच्या संगणकांत चोर शिरले, तेव्हा सुरक्षा प्रणालीने धोक्याची सूचना दिली होती. कंपनीच्या बंगळुरूतल्या पथकाने ती पाहिली आणि मिनियापोलिसला कळवलीही. तिथे ती इतर सूचनांसारखीच एक समजून बाजूला राहिली. 4 कोटी कार्डांची माहिती गेली. पगारी तज्ज्ञांचे असे होते, तर दिवसभर निंदण करून आलेल्या बाईकडून कसली अपेक्षा करायची? म्हणून धोक्याप्रमाणे आवाज वेगळा हवा. वीस रुपयांसाठी साधा एसएमएस पुरे. पण ज्या खात्यातून कधी पाच हजारांवर रक्कम गेली नाही, त्यातून रात्री दहा वाजता नव्याच खात्याकडे चाळीस हजार निघाले, तर त्याच छोट्या क्रमांकावरून मराठीतून फोन जावा: इतके पैसे निघाले आहेत, तुम्ही पाठवत नसाल तर 1 दाबा. आणि उत्तर येईपर्यंत पैसा थांबून राहावा. 2022 च्या मार्चमध्ये आपल्याच बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय 123पे सुरू केले. बटणाच्या फोनवरून बोलत बोलत पैसे पाठवता येतात, मग तसेच अडवताही येतील.

एक गोष्ट शहरातल्या टेबलावर बसून सुचणार नाही, म्हणून ती मुद्दाम लिहितो. आमच्याकडे खाते एकाचे आणि खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्याचा, असे सर्रास असते. खाते आईचे, नंबर मुलाचा, कारण खाते उघडताना घरात तोच एक फोन होता. मुलगा आता चाकणला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. रिसोड तालुक्यातल्या आईच्या पैशाची सूचना चाकणच्या लॉकरमध्ये वाजते. आणि आईचा स्वतःचा नंबर जोडला तरी दुसरा धोका आहेच. पीएम किसानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअपवर जी एपीके फाइल फिरते, ती उघडून परवानग्या दिल्या की फोनमधले एसएमएस चोराकडे जाऊ लागतात. ज्या फोनवर चोर बसला आहे त्याच फोनला, चोर आला म्हणून आपण कळवतो. एकच फोन धरून केलेली रचना इथे तुटते.

म्हणून प्रत्येक खात्याला दोन नंबर जोडण्याची सोय असावी: एक खातेदाराचा आणि एक त्याच्या भरवशाच्या माणसाचा. त्या दुसऱ्या माणसाला शिल्लक कळू नये, पैसे काढता येऊ नयेत. मोठी रक्कम निघाल्याची सूचना त्यालाही जावी आणि त्यालाही '1' दाबून थांबवता यावे. पोरीने माहेरच्या आईसाठी, पुतण्याने काकासाठी हे काम आनंदाने करावे असेच आमच्याकडचे वातावरण आहे. आजही ते हे करतातच, फक्त त्यासाठी आईला पिन सांगावी लागते.

हे सगळे एकदम देशभर करा असे मी म्हणत नाही. एका जिल्ह्यात करून पाहा, आणि तो जिल्हा वाशिम असू द्या. इथे राष्ट्रीयीकृत बँका आहेत, अकोल्याशी मिळून चालणारी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आहे, आणि 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामील झालेली पूर्वीची विदर्भ कोकण ग्रामीण बँक आहे. म्हणजे तिन्ही तऱ्हेच्या बँकांची परीक्षा एकाच ठिकाणी होईल. दसरा-दिवाळीत सोयाबीनचा पैसा येण्याआधी सुरुवात करा आणि तुरीचा हंगाम संपेपर्यंत चालवा. किती जणांनी '1' दाबला, त्यातले किती खरे निघाले, पैसा किती मिनिटांत अडला आणि खाती किती तासांत सुटली, हे चार आकडे लोकांपुढे मांडा.

आणि संदेशाचा मजकूर ठरवताना आपल्या अधिकाऱ्यांना एक दिवस आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याच्या मार्केट यार्डात पाठवा. दूरसंचार कंपन्यांकडे मजकुराचा नमुना नोंदवण्याआधी तो तिथे चुकाऱ्यासाठी थांबलेल्या लोकांच्या फोनवर पाठवून पाहावा आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत: पैसे आले की गेले, आणि आता तुम्ही काय कराल? न अडखळता उत्तरे आली तर नमुना नोंदवावा. नाही आली तर तिथेच, त्यांना विचारून, दुसरा लिहावा.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
वाशिम जिल्ह्यातला एक खातेदार